किल्ल्यात जाण्यापूर्वी

नाताळची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की वसईच्या ख्रिस्ती घरांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मुंबईची मंडळी येतात, नाशिक-पुण्याची येतात, आखातात नोकरीला असलेले महिनाभराच्या रजेवर येतात. अलीकडे कॅनडा-ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्यांची मुलेही आजी-आजोबांना भेटायला येतात. दोन-तीन दिवस जेवणावळींत गेले, की घरातील कोणीतरी म्हणतेच, "चला, किल्ल्यात जाऊन येऊ." चटया, डबे आणि पाण्याच्या बाटल्या रिक्षात चढतात, भग्न चर्चच्या कमानीखाली छायाचित्रे निघतात आणि दिवेलागणीच्या आत सारे घरी परततात. या सहलीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या माणसांनी एकत्र बसून चार घास खावेत, यासाठी याहून रम्य जागा वसईत शोधूनही सापडणार नाही.

परंतु ही जागा रणभूमी आहे, याची आठवण त्या सहलीत क्वचितच कोणाला होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने किल्ला म्हणजे संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाची जागा. सोळाव्या शतकात या वसईत जन्मलेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे हुतात्मा झालेला हा आपला संत; त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चमध्ये मिस्सा ऐकून आपण परततो. दुसरीकडे, पाठीवर पिशव्या टाकून येणारी गडप्रेमी मंडळी चिमाजी अप्पांच्या स्मारकाला वंदन करतात आणि तटावरून फेरी मारून जातात. दोघेही एकाच वाटेने येतात, पण त्यांचे किल्ले मात्र दोन. एकाच कुटुंबाने एकाच दिवशी हे दोन्ही किल्ले पाहायचे ठरवले तर काय तयारी करावी, एवढाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

तयारीची सुरुवात दिनदर्शिकेपासून होते आणि तेथेच पहिली अडचण उभी राहते. वसई पडली त्या तारखेला जावे, अशी इच्छा एखाद्या उत्साही काकांना होते. ते पुस्तक उघडतात, तर एका पुस्तकात पोर्तुगीज किल्ला सोडून गेल्याची तारीख १२ मे १७३९ दिलेली असते आणि दुसऱ्यात २३ मे. दोन्ही पुस्तके बरोबर आहेत. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली सुधारलेली कालगणना पोर्तुगालने लागलीच स्वीकारली. इंग्रजांनी मात्र ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे त्या काळी वसईच्या तटाच्या आत जी तारीख होती, ती मुंबई बंदरातल्या तारखेच्या अकरा दिवस पुढे असे. मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन करणाऱ्यांनी इंग्रजी जुन्या पद्धतीच्या तारखा वापरल्या आणि चर्चचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पोर्तुगीज तारखा वापरल्या. मुलांना हे घरीच समजावून सांगितले, तर दोन पुस्तके निराळे सांगतात म्हणून त्यांतले एक खोटेच असले पाहिजे असे नव्हे, हा धडा त्यांना किल्ल्यात पाऊल टाकण्यापूर्वीच मिळतो. पुढे तो त्यांच्या उपयोगी पडणार आहे. या लेखात आम्ही वेढ्याच्या अखेरच्या तारखा नव्या पद्धतीने देत आहोत.

आता ऋतूचे पाहू. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले बरोबर असतील, तर डिसेंबर-जानेवारीच बरा. पावसाळ्यात मुळीच जाऊ नये. दगडांवर शेवाळ चढते, झाडोरा माजतो आणि पडक्या जिन्यांवर पाय घसरतो. पण घरात दहा-बारा वर्षांवरील मुले असतील आणि त्यांना युद्ध समजावे अशी इच्छा असेल, तर मे महिन्यातल्या एखाद्या दिवशी, सकाळी लवकर निघून, ऊन चढेपर्यंत तेथे थांबावे. त्या उन्हात तटाखाली खणत बसलेल्या बेलदारांची आणि तटावर दगड वाहून नेणाऱ्या शिपायांची कल्पना पंख्याखाली बसून येत नाही. आणखी एक गोष्ट त्याच वेळी ध्यानात येते. मेच्या मध्यावर नैऋत्येकडे ढग जमू लागतात. पाऊस कोसळला असता, तर मोर्चांत पाणी भरून दोन वर्षांची मोहीम फुकट गेली असती, हे चिमाजी अप्पांना कळत होते. पाऊस येईपर्यंत तग धरला तर आपण वाचलो, हे पोर्तुगीजांनाही कळत होते. उत्तरेत त्याच सुमारास नादिरशहा दिल्लीत येऊन बसला होता आणि बाजीराव पेशव्यांना वसईकडे गुंतलेले सैन्य मोकळे व्हायला हवे होते. अखेरच्या हल्ल्याची घाई या सर्वांतून आली.

मोहीम सुरू झाली ती १७३७ च्या उन्हाळ्यात. प्रथम ठाणे पडले. तेथला कोट पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला होता आणि तो अजून पुरा व्हायचा होता. आज त्याच कोटात ठाण्याचा तुरुंग आहे. ठाण्याबरोबर साष्टी गेली, पण वसई हाती आली नाही. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात पोर्तुगीज सेनापती पेद्रू द मेलू मारला गेला. मग १७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर ही उत्तरेकडची ठाणी एकामागून एक मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांच्या अगदी जवळचा सरदार गोळी लागून पडला. फेब्रुवारीत सारे बळ वसईभोवती एकवटले. त्याच दिवसांत गोव्याकडील साष्टीवर व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर चालून गेले होते, त्यामुळे गोव्याच्या व्हाइसरॉयला, म्हणजे काउंट सांदोमिल यांना, स्वतःचाच उंबरठा राखणे कठीण झाले. समुद्रावर मानाजी आंग्रे होते. वसईच्या किल्ल्याला बाहेरून कोणी वाचवील, ही आशा मार्च-एप्रिलपर्यंत जवळजवळ संपली होती.

एवढा इतिहास आदल्या रात्री जेवणानंतर सांगून व्हावा. ज्यांना अधिक वाचायचे असेल, त्यांनी य. न. केळकर यांचे 'वसईची मोहीम' आणि मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांचे चौल व वसईच्या पुरातन अवशेषांवरील १८७६ चे इंग्रजी पुस्तक, अशी दोन्ही पुस्तके मिळवावीत. एकच वाचून जाऊ नये. केळकरांच्या पुस्तकात आपण मोर्चातून तटाकडे पाहतो, द कुन्हांच्या पुस्तकात भग्न चर्चमधून बाहेर पाहतो.

दुसऱ्या दिवशी कोठून सुरुवात करावी? वसई रोड स्थानकावरून किल्ला सात-आठ किलोमीटर आहे. रिक्षावाला सरळ तटाच्या आत नेऊन सोडतो. आमची सूचना अशी, की त्याला तसे करू देऊ नये. युद्ध तटाच्या आत झाले नाही. ते बाहेर, उत्तरेच्या बाजूला झाले. किल्ला खाडीच्या मुखाशी, जमिनीच्या टोकावर उभा आहे. इतर बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल, आणि केवळ उत्तरेकडून कोरड्या जमिनीने जाण्याची वाट. म्हणून मराठ्यांचे मोर्चे उत्तरेकडे लागले. पापडी-रमेदीच्या बाजूने येणाऱ्या माणसाला ही गोष्ट पायांनी कळते. रमेदीमातेच्या चर्चपाशी थांबावे, आजीला तेथे दोन मिनिटे प्रार्थना करू द्यावी आणि मग सावकाश दक्षिणेकडे निघावे. वाटेत घरे आहेत, दुकाने आहेत, बागा आहेत. मुले विचारतील, "रणभूमी कुठे आहे?" त्यांना सांगावे, की आपण तिच्यावरूनच चाललो आहोत.

हे सांगताना आमच्या मनात नेहमी एक विचार येतो. युरोपात वॉटर्लूला किंवा आपल्याकडे पानिपतला जाणाऱ्या माणसाला मोकळे मैदान दाखवता येते; येथे रक्त सांडले असे म्हणून बोट करता येते. वसईची रणभूमी अशी बाजूला काढून ठेवलेली नाही. ती नांगरली गेली, तीवर केळी लागली, मग तीवर घरे उभी राहिली. ती आपल्या परसात आहे.

उत्तरेच्या तटाला दोन बुरूज लक्षात ठेवण्यासारखे होते. एक सान सेबास्तियनचा आणि दुसरा रेमेदियूसचा, म्हणजे ज्या मातेच्या चर्चवरून आपण आलो तिच्याच नावाचा. बुरुजांना संतांची नावे देण्याचा पोर्तुगीजांचा रिवाज होता. मराठ्यांनी याच दोन बुरुजांखाली सुरुंग नेले. सुरुंगाचे काम कसे चालते, हे मुलांना नीट सांगावे, कारण तलवारीच्या चित्रांपलीकडे युद्धाची त्यांना कल्पना नसते. तोफांच्या माऱ्यात आडोसा करीत तिरके तिरके चर खणत तटाजवळ जायचे. मग जमिनीखालून पायापर्यंत भुयार न्यायचे. तेथे दारूची पोती ठासायची आणि बत्ती द्यायची. आतल्या लोकांनी खणण्याचा आवाज ऐकला, की तेही उलट बाजूने खणून भुयार मोडण्याचा प्रयत्न करीत. आठवड्यामागून आठवडे हे काम चालले. किल्लेदार मार्तिन्यू द सिल्वेरा वेढ्यातच गोळी लागून ठार झाला व त्याच्या जागी कायतान द सोझा परेरा आला.

१३ मे रोजी सान सेबास्तियनखालचे सुरुंग उडाले. तटाला खिंडार पडले आणि मराठे धावून चढले. परंतु सारे सुरुंग एकाच वेळी पेटले नव्हते. मागे राहिलेला एक सुरुंग, हल्लेखोर खिंडारात शिरल्यावर उडाला आणि स्वतःच्याच दारूने शेकडो माणसे दगडांखाली गेली. आतून हातबॉम्ब, उखळी तोफांचे गोळे आणि मोठमोठे धोंडे यांचा वर्षाव होत होता. हल्ला मागे आला. पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी सान सेबास्तियनचा बुरूज मराठ्यांच्या हाती आला, तरी आतल्या लोकांनी मागे आडोसे रचून लढणे सोडले नाही. तिसऱ्या दिवशी रेमेदियूसकडचे सुरुंग उडाले. तेव्हा मात्र किल्ल्यात दारूगोळाही उरला नव्हता आणि लढण्याजोगी माणसेही. १६ मे रोजी तह ठरला.

या तीन दिवसांचे वर्णन करताना ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात दिलेले आकडे असे, की या वेढ्यात मराठ्यांकडील ठार व जखमी मिळून पाच हजारांच्या वर होते, तर पोर्तुगीजांनी आपली हानी आठशे सांगितली. चिमाजी अप्पांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रात शत्रूच्या शौर्याची कबुली दिली आहे. ते पत्र वाचले, की विजयाच्या आनंदाहून थकवाच त्यात अधिक जाणवतो. विजेत्याने शत्रूविषयी असे लिहावे, याचे मोल आम्हाला फार वाटते. पुढे दीड वर्षात बाजीरावही गेले आणि चिमाजी अप्पाही गेले; वसईचे सुख त्या भावांना फार काळ लाभले नाही.

या ठिकाणी, पडक्या तटाजवळ, सावली पाहून बसावे. पाणी प्यावे, डब्यातली सुकेळी मुलांना द्यावी. कारण याच जागी तो प्रश्न हमखास येतो, ज्यासाठी खरी तयारी करायला हवी. मूल विचारते, "आपण तेव्हा कोणाच्या बाजूला होतो?"

हा प्रश्न निष्पाप आहे, पण त्यामागे बरेच काही असते. शाळेच्या मधल्या सुट्टीत "तुम्ही पोर्तुगीजांचे" असे आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी ऐकलेले आहे. घरी कधीकधी याच्या उलट ऐकू येते. आमच्या बेल्स गेल्या, आमची देवळे गेली, असे म्हणताना घरातली वडीलधारी माणसे जणू आपणच तटावर उभे होतो अशा स्वरात बोलतात. मुलाने दोन्ही ऐकलेले असते आणि दोहोंपैकी एक निवडायला त्याला सांगितले जाते. आई-वडिलांनी त्या क्षणी गप्प बसणे किंवा "ते जुने झाले" म्हणून टाळणे आम्हाला योग्य वाटत नाही.

उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली अशी, की ही मोहीम विनाकारण झाली नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली; त्यानंतर दोनशे वर्षे त्यांनी येथे राज्य केले. त्या राज्यात हिंदू रयतेला उघडपणे आपली पूजाअर्चा करण्यास, सणसमारंभ करण्यास बंदी घालणारे हुकूम निघाले, आणि गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते, त्याची छाया येथपर्यंत पडत होती. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसे पेशव्यांकडे गेली ती हे दुखणे घेऊन. आपला विश्वास आपल्याला प्रिय आहे, म्हणून त्याच्या नावाने दुसऱ्यांवर झालेली सक्ती झाकून ठेवावी, असे आम्हाला वाटत नाही. दुसरी गोष्ट अशी, की विजयानंतर किल्ल्यातली चर्च ओस पडली, त्यांच्या घंटा उतरवल्या गेल्या, युरोपीय धर्मसंघांचे धर्मगुरू निघून गेले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांचे पुष्कळ हाल झाले. हेही झाकू नये.

आता उत्तर. मुलाला उठवून उत्तरेकडे तोंड करून उभे करावे आणि ज्या वाटेने आलो तिकडे बोट दाखवावे. तटाच्या आत पोर्तुगीज सरदार, त्यांचे शिपाई आणि धर्मगुरू होते. मोर्चांत चिमाजी अप्पांचे, शंकराजी केशवांचे, होळकर-शिंद्यांचे लोक होते. या दोहोंच्या मध्ये आणि मागे, कसब्यातल्या वाड्यांत, ज्यांच्या विहिरीवर सैन्याने पाणी प्यायले, ज्यांच्या केळीच्या बागा तुडवल्या गेल्या, ज्यांच्या माडांचे सोट आडोशासाठी सहज तोडता येण्याजोगे होते, ते शेतकरी आणि कोळी होते. १६९५ मध्ये येथे आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने या बागांचे आणि उसाच्या मळ्यांचे कौतुकाने वर्णन केले आहे. ते पिकवणारे हात आपले होते. त्यांचा धर्म तटाच्या आतल्या लोकांचा आणि भाषा तटाच्या बाहेरच्या लोकांची. दोन्ही सैन्यांनी त्यांना आपले पुरते मानले नाही.

मोहिमेच्या वर्णनांत या माणसांची नावे शोधून सापडत नाहीत. पण २३ मे १७३९ रोजी त्यांनी काय केले हे आपल्याला माहीत आहे, कारण त्याचा पुरावा आपण स्वतः आहोत. त्या दिवशी तहातील अटींप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी शस्त्रांनिशी, वाजतगाजत, मानाने बाहेर पडली आणि तारवांत बसून निघून गेली. मराठ्यांनी तो शब्द पाळला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. सरदार-दरकदारांपैकी ज्यांना जाता आले ते गेले. शेत तारवात घालता येत नाही. शेतकरी राहिला. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा असावी असे कलम होते; पण ते कलम प्रत्यक्षात आणले ते गोव्याच्या आणि येथल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी, जे पडक्या देवळांतून, तुटपुंज्या साधनांनिशी गावोगाव फिरत राहिले. आपल्या आज्यांनी मराठीत म्हटलेल्या प्रार्थना आज आपण म्हणतो, त्या या राहिलेल्या लोकांमुळे. "आपण वाडीत होतो आणि आपण गेलो नाही," एवढे उत्तर आम्ही मुलाला देऊ.

यानंतर आत जावे. आतले अवशेष पाहण्यास दोन तास पुरेसे आहेत आणि त्यांचे वर्णन इतरत्र पुष्कळ झालेले असल्याने आम्ही लांबण लावत नाही. सेंट जोसेफच्या चर्चचा उंच मनोरा लांबूनच दिसतो. १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांच्या काळात ते पुन्हा बांधले गेले. पण मुलांना घेऊन जास्त वेळ थांबावे ते फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये. तेथे जमिनीत जागोजागी कोरीव थडग्यांचे दगड आहेत. अक्षरे रोमन आहेत, त्यामुळे भाषा पोर्तुगीज असली तरी मुलांना ती लावून वाचता येतात. 'सेपुल्तुरा' हा शब्द दिसला, की तो कबरीचा. 'एर्देइरूस' म्हणजे वारसदार. ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसदारांची, असा त्या लेखांचा ठरीव साचा आहे. कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या एकाच जागी विसावावे म्हणून दगड घडवून घेतलेले. १७३९ नंतर ते वारसदार आलेच नाहीत. कोणी मुंबईच्या, कोणी गोव्याच्या मातीत गेले. ज्या पाच हजार मराठ्यांचा आकडा आपण बाहेर ऐकला, त्यांच्यासाठी तर नावाचा एकही दगड नाही. चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, तेथेही जावे, आजोबांनी टोपी काढावी, मुलांनी हात जोडावेत. परंतु त्या बेलदाराचे, जो आपल्याच सुरुंगाखाली गेला, स्मारक कोठेच नाही. त्याच्यासाठी आणि आतल्या आठशांसाठी मिळून फ्रान्सिस्कनांच्या त्या उघड्या चर्चमध्ये एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला हरकत नसावी. तेथे छप्पर नाही आणि कोणी अडवत नाही.

शेवटी सागरी दरवाजाकडे जावे. येथूनच शिबंदी बाहेर पडली असे मानून मुले दरवाजातून चालून पाहतात, त्यात त्यांना गंमत वाटते. पलीकडे खाडीच्या दक्षिण बाजूला उत्तनकडचा धारावीचा डोंगर दिसतो. त्या डोंगरावर तोफा चढवल्या, की खाडीचे मुख बंद. म्हणून तो डोंगर अनेकदा या हातातून त्या हातात गेला आणि अखेर मराठ्यांकडे राहिला. त्याच्याही पलीकडे मुंबई. वेढ्याच्या अखेरीस वसईकरांनी मुंबईच्या इंग्रजांकडे वारंवार मदत मागितली. इंग्रजांनी थोडा दारूगोळा दिला, आणि पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले. तेही चर्चमधील चांदीची भांडी व पितळी तोफा तारण ठेवून. मिस्साच्या पेल्यांवर शेजाऱ्याने केलेली ही सावकारी आम्हाला नेहमी बोचते. पण त्यांच्या बाजूने पाहिले, तर वसईचे बळ संपणे हे त्यांच्या सोयीचेच होते. चाळीस वर्षे उलटली आणि १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली, तेव्हा तटाच्या आत मराठे होते आणि बाहेर इंग्रज. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने स्वातंत्र्य गहाण टाकले तो तहही वसईचाच. मुलांपैकी जे मोठे आहेत, त्यांना या तीन सालांची सांगड घालायला सांगावी. ती त्यांची त्यांना जमते.

सूचना थोड्या आहेत. आत पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नये, माणशी दोन बाटल्या न्याव्यात. पडक्या जिन्यांवर चढू नये. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दगडावर नावे कोरणाऱ्यांत आपल्या मुलांची भर पडू देऊ नये, आणि केळीच्या साली परत घरी न्याव्यात. कोळीवाड्यातून जाताना वाळत घातलेल्या मासळीची छायाचित्रे विचारून काढावीत. तेथे राहणारी माणसे पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेली नाहीत.

नाशिकची मंडळी बरोबर असतील, तर त्यांच्यासाठी या सहलीचा एक भाग शिल्लक राहतो. वसईच्या घंटा हत्तींवरून आणि गाड्यांतून वेगवेगळ्या देवळांत गेल्या असे सांगतात. भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे, पालीच्या बल्लाळेश्वराला आहे. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध घंटा पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे, आणि तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. तिचा आवाज दूरवर जातो म्हणून 'नारोशंकराची घंटा' हा शब्द नाशिककरांच्या तोंडी बसला. घाटावर गर्दी नसेल अशा सकाळी मुलांना तेथे न्यावे आणि ते साल त्यांनाच शोधू द्यावे. घंटा ओतली तेव्हा वेढ्याला अजून सतरा-अठरा वर्षे अवकाश होता आणि वसईच्या वाडीत तिच्या आवाजावर माणसे कामाला लागत होती, विश्रांती घेत होती.